जिथे उतरलो तिथेच

क्रूझच्या ब्रोशरमध्ये बंदरांची नावं ज्या पद्धतीने छापतात ना, तिथूनच सगळी धावपळ सुरू होते असं माझं ठाम मत झालंय. मोठ्या ठळक अक्षरात 'पॅरिस' आणि शेजारी, चष्मा लावूनही नीट दिसणार नाही अशा अक्षरात, ल हाव्र. आता ल हाव्रपासून पॅरिस जवळपास 200 किलोमीटर. बसने जायला अडीच तास, यायला अडीच तास, ट्रॅफिक लागला तर देवाचं नाव घ्यायचं, आणि मधल्या वेळात आयफेल टॉवर बसच्या काचेतून बघून 'झालं पॅरिस' म्हणायचं. आणि जे ल हाव्र तुम्ही मागे टाकून गेलात ते 1944 च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालेलं आणि ऑग्युस्त पेरे नावाच्या आर्किटेक्टने काँक्रीटमध्ये पुन्हा उभं केलेलं शहर आहे, 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नॉर्मंडीचा तो लांबलचक पूल ओलांडला की ऑन्फ्लर हे जुनं बंदरगाव 25 किलोमीटरवर. पण ब्रोशरात ही नावं ठळक नाहीत ना, मग कोण बघतंय.

आमच्या भूमध्य समुद्राच्या क्रूझवर हाच प्रकार 'नीस, मोनॅको' असा होता, आणि बारीक अक्षरात विलफ्रांश-सुर-मेर. बार्सिलोनाहून निघून फ्रान्स, इटली करत परत बार्सिलोनाला येणारी ही आठवड्याची फेरी आजकाल आपल्याकडे भलतीच पॉप्युलर झालीय, ठाणे-पुण्यातले ग्रुपच्या ग्रुप जातात, बुफेत दही कुठे ठेवलंय हे पहिल्याच सकाळी एकमेकांना सांगतात. आम्ही ग्रुपने नव्हतो गेलो. मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी, सासूबाई, आणि सासूबाईंच्या नणंद, म्हणजे नवऱ्याच्या आत्या, ज्यांचा एक गुडघा बदललेला आहे आणि दुसरा बदलायचा आहे पण जीभ मात्र ओरिजिनल आहे.

बाकीच्या बंदरांचं मी नवऱ्यावर सोडलं होतं. फ्रान्सचा दिवस मात्र मी मागून घेतला. कारण त्याची एक्सेल शीट मी बघितली होती. साडेआठला टेंडर (जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट), सव्वानऊची ट्रेन, दहाला एझ, डोंगरावरचं जुनं गाव, तिथून खाली उतरून मोनॅको, कारण राजवाड्याबाहेर पहारा बदलतात तो बरोबर 11:55 ला, मग कॅसिनोसमोर फोटो, मग ट्रेनने नीस, नीसमध्ये जुनं मार्केट आणि समुद्रकिनाऱ्यावर चक्कर, आणि पाचला परत. शीटमध्ये 'जेवण' नावाचा कॉलमच नव्हता. मी म्हटलं, अरे आत्या एझ चढणार कशा, ते 400 मीटरच्या वर आहे, स्टेशन खाली समुद्राजवळ आहे आणि गाव वर, मधे बस शोधायची. तर म्हणे वर जायला पायवाट पण आहे, तो तत्त्वज्ञ नीत्शे चालायचा म्हणे त्या वाटेने. नीत्शेला कुठे गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं!

ही सवय आपल्या रक्तातच आहे. महाबळेश्वरला गेलो तरी टॅक्सीवाला आधी विचारतो किती पॉइंट करायचे, आणि आपण पण आल्यावर सांगतो बारा पॉइंट केले. कुठला कुठला ते विचारू नका. त्यात क्रूझ म्हणजे एवढे पैसे भरलेले, शेंगेन व्हिसासाठी बँकेचे स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न जमवून घाम गाळलेला, मग वसूल व्हायला नको? हे मला पण कळतं, मी काही साधू नाही. पण बंदरातला दिवस म्हणजे मुळात दिवस नसतोच. जहाज सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी सहाला निघतं असं लिहिलेलं असलं तरी पहिला तास-दीड तास उतरण्यात आणि शेवटचा परत चढण्यात जातो. उरतात सहा-सात तास, त्यात जेवण, बाथरूम, रस्ता चुकणं, मुलीचे फोटो. आणि वर उद्या सकाळी पुन्हा दुसरं बंदर आहेच. भूमध्य समुद्रातल्या या फेऱ्यांमध्ये रोज नवीन गाव, समुद्रात निवांत दिवस जेमतेम एखादा, त्यामुळे चौथ्या दिवसापर्यंत घरातल्या मोठ्या माणसांचे पाय सुजलेले असतात आणि लहानांचे मूड.

म्हणून माझा हिशेब साधा होता. दोन्ही टोकं घट्ट बांधायची, म्हणजे उतरायची वेळ आणि परतीची वेळ, आणि मधला वेळ शक्यतो मोकळा सोडायचा. आता हे लिहायला दोन ओळी लागतात पण त्या टोकांसाठीच सगळा अभ्यास करावा लागला, कारण विलफ्रांश हे टेंडर पोर्ट आहे.

टेंडर पोर्ट म्हणजे जहाज धक्क्याला लागतच नाही. खाडीत मधोमध नांगर टाकून उभं राहतं आणि जहाजाच्याच ज्या नारिंगी-पांढऱ्या लाइफबोटी असतात त्या खाली सोडून त्यातून शंभरेक माणसांच्या खेपा करत किनाऱ्यावर नेतात. विलफ्रांशची खाडी खोल आहे आणि तिन्ही बाजूंनी डोंगर आणि काप फेरा नावाच्या भूशिराने कवेत घेतलेली आहे, म्हणून शेकडो वर्षं इथे आरमारं येऊन थांबलीयत. 1543 मध्ये फ्रेंच आणि तुर्क मिळून नीसवर चालून आले तेव्हा तुर्कांचा आरमारप्रमुख बार्बारोसा याचा ताफा याच पाण्यात उभा होता, त्या अनुभवाने शहाणा होऊन साव्हॉयच्या ड्यूकने, ज्याच्या ताब्यात तेव्हा हा भाग होता, 1557 मध्ये किनाऱ्यावर किल्ला बांधून घेतला, तो आजही टेंडरमधून उतरायच्या आधी डाव्या हाताला जाडजूड दिसतो. नंतर रशियन आले, अगदी 1960 च्या दशकापर्यंत अमेरिकन आरमाराच्या सहाव्या ताफ्याची जहाजं इथे असायची. आता क्रूझ येतात.

आणि टेंडरमध्ये पाय टाकताना जीव घाबरा होतो ते काही आपलंच रडगाणं नाही बरं का. 1538 मध्ये पवित्र रोमन सम्राट आणि स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स इथे आपल्या गलबतावर मुक्कामाला होता, त्याची बहीण म्हणजे फ्रान्सची राणी त्याला भेटायला आली, आणि सांगतात की किनारा आणि गलबत यांच्यामधला लाकडी पूल मोडला आणि सम्राट, राणी, साव्हॉयचा ड्यूक सगळे भरजरी कपड्यांसकट पाण्यात. हे मी आदल्या रात्री आत्यांना सांगितलं. धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून धीर आला असं वाटलं नाही.

प्रत्यक्षात तसं काही नसतं. टेंडरच्या दारात दोन खलाशी उभे असतात, ते तुमचा दंड कोपराच्या वर पकडतात, हात नाही, दंड, आणि बोट लाटेने वर आली की "नाऊ" म्हणतात आणि तुम्ही आत असता. साडी असेल तर मात्र जरा कठीण. आत्यांनी आधीच पंजाबी ड्रेस आणि वेल्क्रोवाले बूट घातले होते. व्हीलचेअरवाल्यांना मात्र समुद्र थोडा जरी हलत असला तरी उतरू देत नाहीत, तेव्हा घरात कोणी पूर्ण वेळ व्हीलचेअरवर असेल तर क्रूझ निवडतानाच किती टेंडर पोर्ट आहेत ते विचारा. हे एजंट आपणहून सांगत नाहीत.

आता गर्दीचं. ज्यांनी जहाजाच्याच टूर घेतलेल्या असतात ते आधी उतरतात. बाकीच्यांनी सकाळी थिएटरमध्ये किंवा कुठल्यातरी लाउंजमध्ये जाऊन टेंडरचे नंबर घ्यायचे आणि पुकारा व्हायची वाट बघायची, आणि तिथे सकाळी साडेसातला जे दृश्य असतं ते दादरला गणपतीच्या आधीच्या रविवारी पण नसेल. पण ज्यांना कुठे पोचायचंच नाही त्यांना हा नंबर घ्यायची गरज काय? साधारण दहाच्या सुमारास गर्दी ओसरते, मग अनाउन्समेंट होते की आता नंबर नको, थेट या. आम्ही तोपर्यंत निवांत नाश्ता केला. सगळं जहाज रिकामं, ऑम्लेटवाला आपणहून विचारतोय अजून काय देऊ, आई, म्हणजे सासूबाई, वरच्या डेकवर खुर्ची टाकून चहा पीत बसलेल्या आणि समोर ते गाव, पिवळ्या, गेरूच्या, फिक्या गुलाबी रंगाच्या भिंती, हिरव्या खिडक्या, एकावर एक चढत गेलेली घरं. आई म्हणाल्या, "इथूनच किती छान दिसतंय, उतरायलाच हवं का?" हा प्रश्न मी तरी अजून मनात ठेवलाय.

उतरलो. टेंडर जिथे लावतात तो धक्का आणि जुनं गाव यात अंतर असं नाहीच. दोन मिनिटं चाललं की मच्छीमारांचं ते छोटं चॅपल, सेंट पीटरचं. ही मुळात मध्ययुगातली जागा, मच्छीमार इथे जाळी ठेवायचे. जाँ कॉक्तो, कवी, चित्रकार, सिनेमावाला, एका माणसाने किती गोष्टी कराव्यात याला काही धरबंध नसलेला, तो 1920 च्या दशकात समोरच्याच वेलकम हॉटेलात येऊन राहायचा, त्याला या गावाची माया लागली आणि बऱ्याच वर्षांनी, 1957 मध्ये, त्याने हे चॅपल आतून संपूर्ण रंगवून दिलं. आत जेमतेम आपल्या एखाद्या गावातल्या देवळाच्या सभामंडपाएवढी जागा. भिंतींवर, छतावर रेघाच रेघा, जाड नाही बारीक, एका दमात काढल्यासारख्या, फिकट रंग भरलेले. पीटर पाण्यावरून चालायला निघालाय आणि एक देवदूत त्याला धरतोय. एका भिंतीवर गावातल्या मुली आहेत. आणि दाराजवळ दोन मोठे चेहरे, मेणबत्त्यांच्या झाडासारखे, ज्यांचे डोळे तुम्ही आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत तुमच्यावर. मुलगी म्हणाली क्रीपी आहे. आत्या एका बाकावर बसून वर बघत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पुसलं नाही हं कुठे." मी म्हटलं काय? "रेघ गं. एकदा काढली की काढली." आत्या चाळीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या हे मी विसरलेच होते, म्हणजे माहीत होतं पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं. मोनॅकोच्या कॅसिनोपुढे हे वाक्य मला ऐकायला मिळालं असतं का?

चॅपलला तिकीट आहे, फार नाही, आणि दुपारी बंद असतं, आठवड्याची सुट्टी पण असते, तेव्हा जायच्या आधी वेळ बघून ठेवा. हा एकच पत्ता मी शीटमध्ये वेळेसकट लिहिला होता.

इथे आमची पांगापांग झाली, आणि ही प्लॅनमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आपल्याकडे ट्रिपला गेलं की सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचं असा काहीतरी अलिखित कायदा असतो, मग सगळ्यात हळू चालणाऱ्याला अपराधी वाटतं आणि सगळ्यात भरभर चालणारा चिडलेला. मी आधीच सांगून टाकलं होतं, ज्यांना पळायचंय त्यांनी पळा. बाप-लेक ट्रेनने नीसला गेले. गावाच्या बीचच्या वरच स्टेशन आहे, थोड्या पायऱ्या चढायच्या, आणि नीस सात मिनिटांवर. दुसऱ्या दिशेने मोनॅको पण पंधराएक मिनिटांवरच आहे, मान्य आहे, म्हणूनच मोह होतो. एवढंच की क्रूझच्या दिवशी त्या ट्रेनमध्ये उभं राहायला जागा नसते आणि पाकीटमारांना हे आपल्या आधी माहीत असतं. पाकीट पुढच्या खिशात, पासपोर्ट जहाजावर तिजोरीत, जवळ फक्त त्याची झेरॉक्स आणि रूमचं कार्ड. जहाजाच्या कंपनीने पासपोर्ट बरोबर ठेवायला सांगितलं असेल तर मात्र तेच ऐका.

नीसमध्ये त्या दोघांनी कूर सालेया नावाच्या मार्केटमध्ये फुलं, भाज्या, ऑलिव्ह बघितले (सोमवारी गेलात तर फुलांऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार असतो), किल्ल्याच्या टेकडीवर लिफ्टने गेले, आणि बरोबर बाराला तोफ उडाली तेव्हा मुलगी घाबरून बापाच्या अंगावर पडली. ती तोफ रोज उडते, एकोणिसाव्या शतकात तिथे राहणाऱ्या एका ब्रिटिश गृहस्थाने सुरू केलेला प्रकार, बायकोला जेवणाची वेळ कळावी म्हणून असं सांगतात. नवऱ्याने परत आल्यावर ही गोष्ट मला दोनदा सांगितली, का ते माहीत नाही.

आम्ही तिघी गावातच. रू ऑब्स्क्यूर नावाची एक गल्ली आहे, तेराव्या शतकातली, घरांच्या खालून जाणारी, पूर्ण झाकलेली, साधारण 130 मीटर. बाहेर टळटळीत ऊन आणि आत पाऊल टाकलं की अंधार आणि गारवा, दगडाच्या कमानी, कुठेतरी एखादा दिवा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा गाव इथे येऊन बसायचं. आईंनी भिंतीला हात लावून बघितला, ओल आहे म्हणाल्या, वाड्यात असायची तशी.

मग सेंट मिशेलचं चर्च. बाहेरून साधं. आत डाव्या बाजूला काचेत एक लाकडी ख्रिस्त आहे, क्रुसावरचा नाही, क्रुसावरून उतरवून आडवा ठेवलेला. अंजिराच्या लाकडात कोरलेला, आणि कोरणारा कोण तर गलबतावर वल्ही मारायची शिक्षा झालेला एक कैदी, नाव कोणालाच माहीत नाही. त्या मूर्तीच्या बरगड्या बघा. म्हणजे मी तर बघतच राहिले. बरगड्यांच्या मधलं मांस खाली गेलेलं, पोट आत ओढलेलं, पायाच्या शिरा. उपाशी माणसाचं अंग कसं दिसतं हे ज्याने रोज शेजारच्या बाकावर बघितलंय त्यालाच असं कोरता येईल. आईंनी हात जोडले. चपला काढायच्या का हे त्यांनी मला खुणेनेच विचारलं, मी नको म्हटलं, तरी त्यांनी एक पाय अर्धा बाहेर काढलाच.

हे सगळं झालं तोवर साडेबारा. फ्रान्समध्ये जेवायची वेळ पाळावी लागते, बारा ते दोन, फार तर अडीच, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद, मग आइस्क्रीम खा. आणि शाकाहारी माणसांसाठी या किनाऱ्यावर थोडे खड्डे आहेत ते सांगते. पिसालादिएर म्हणून कांद्याचा चौकोनी पाव मिळतो, दिसायला एकदम आपला, भरपूर परतलेला गोडसर कांदा, पण त्यात अँचोवी म्हणजे खारवलेली छोटी मासळी असते, वर नसली तरी आत कालवलेली असू शकते. नीसचं सॅलड, ट्यूना. पान बान्या नावाचं सँडविच, तेच. पण रातातुई आहे, ती याच भागातली भाजी, वांगी-टोमॅटो-ढोबळी मिरची, आणि चण्याच्या पिठाचे दोन प्रकार आहेत जे खाल्ल्याशिवाय येऊ नका. एक सोका. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, आणि मोठ्या थोरल्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. तो गरमच खावा लागतो म्हणून त्याचा मान बाप-लेकीला नीसमध्ये मिळाला. आम्हाला मेन्यूत दुसरा दिसला, पानिस. प्लेट आली, आईंनी एक तुकडा मोडला, आत मऊ, बाहेर कुरकुरीत, खाल्ला, आणि म्हणाल्या, "अगं ही पाटवडीच आहे. तळलेली." आणि खरंच तीच कृती, पीठ शिजवून घट्ट करायचं, थापायचं, गार झालं की कापायचं, आणि यांनी पुढे तळलंय. आत्यांचं म्हणणं फोडणी नाही, खोबरं नाही, कोथिंबीर नाही, बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नसेल. वेटरला हे भाषांतर करून सांग म्हणाल्या. मी सांगितलं नाही.

पाण्याची बाटली मागवू नका, 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी जगमधून फुकट देतात, द्यावंच लागतं. आणि दुकानात किंवा हॉटेलात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं, मग काय ते विचारायचं. थेट 'हाऊ मच' केलंत तर तोंडं वाकडी होतात आणि मग आपण येऊन सांगतो की फ्रेंच लोक शिष्ट असतात.

एक गोष्ट मला जेवताना सारखी जाणवत होती, म्हणजे मजा येत होती तरी. या गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास. खाडीत उभं असलेलं आमचं एकट्याचं जहाज तीनेक हजारांचं. 1295 मध्ये आँजूच्या दुसऱ्या चार्ल्सने डोंगरावरच्या लोकांनी खाली समुद्राकाठी येऊन वसावं म्हणून त्यांना कर माफ केले, तेव्हा कुठे हे गाव झालं, लोक यावेत म्हणून राजाला लालूच दाखवावी लागली होती. आता उलट. शेजारच्या कान शहराने 1 जानेवारी 2026 पासून 1,000 पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजांना बंदरात मज्जाव केलाय आणि दिवसाला 6,000 च्या वर क्रूझवाले उतरू देणार नाही म्हणतात, नीसच्या महापौरांनी पण 2025 मध्ये मोठ्या जहाजांविरुद्ध कंबर कसली होती. त्यांची तक्रार हीच की येतात हजारोंनी, ट्रेनमध्ये बसून निघून जातात, गावात खर्च शून्य, जेवायला परत जहाजावर. मला ते पटतं. आम्ही जहाजावर आधीच पैसे भरलेलं जेवण सोडून इथे बसून पानिसला पैसे मोजतोय याचा नवऱ्याने नंतर हिशेब मांडला तेव्हा मी हेच सांगितलं, की ही भाडोत्र्याची रीत नव्हे, पाहुण्याची आहे. त्याला पटलं की तो दमला होता ते कळलं नाही.

जेवणानंतर बीच. धक्क्यापासून समुद्राच्या कडेकडेने सपाट रस्ता, दहा-पंधरा मिनिटं, आत्या काठी न टेकता चालल्या. नीसचा किनारा नुसता गोट्यांचा आहे, मोठे मोठे गोल दगड, बसलं की माणूस कुशी बदलत राहतो. इथे मात्र जाडसर वाळू आहे आणि खाडी आतल्या बाजूला असल्याने पाणी शांत. प्लॅनमध्ये या वेळेला काहीच लिहिलं नव्हतं. आत्यांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले, आईंना डुलकी लागली, मी टॉवेलवर आडवी होऊन फोन काढला आणि परत ठेवला. वर डोंगराच्या कडेने मोनॅकोची ट्रेन जाताना आवाज येत होता, खचाखच भरलेली असणार. बाप-लेक तीनला आले, उन्हाने लाल, मुलगी कपड्यांसकट पाण्यात.

परतीचं टोक. जहाजावर 'ऑल अबोर्ड', म्हणजे परत चढायची शेवटची वेळ, साडेपाच लिहिलेली असेल तर ती शेवटची टेंडर असते, आणि शेवटच्या टेंडरसाठी पावणेपाचपासून धक्क्यावर जी रांग लागते ती उन्हात असते, सावली नाही, बसायला नाही. म्हणून आम्ही चारला परत. आपापलं फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, जहाजाच्याच टूरची बस अडकली तरच थांबतात. आणि एक, जहाजाची वेळ आणि गावातली वेळ एकच आहे ना ते उतरताना दारातल्या पाटीवर बघून घ्या. शिवाय जहाजावर परत पाय ठेवायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं नेटवर्क पकडतो आणि महिन्याचं बिल बघून घरी भांडण.

हे सगळं अर्थात टेंडर चालल्या तर. वारा सुटला, लाटा वाढल्या तर कॅप्टन सकाळीच जाहीर करतो की आज उतरणं नाही, आणि तिथे कोणाचं काही चालत नाही, टेंडर पोर्टांच्या बाबतीत हे होतं अधूनमधून. त्याची पण तयारी ठेवली होती मी, म्हणजे पत्ते आणि अंताक्षरी. ज्यांनी जहाजाची टूर घेतली असेल त्यांना तिचे पैसे परत मिळतात, आणि बंदराचा जो टॅक्स आपण तिकिटात भरलेला असतो तोही बऱ्याच कंपन्या जहाजावरच्या आपल्या खात्यात जमा करून टाकतात, फार नसतो पण असतो. आदल्या रात्री हे सांगितल्यावर आत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की ते पैसे जहाजावरच्या कॅसिनोत चालतात का. मी रिसेप्शनला विचारते म्हटलं.